लूमच्या शेडमधला बाईंचा वर्ग

मी, नामदेव चांगो म्हात्रे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार मौजे राहनाळ, तालुका भिवंडी, पूर्वीचा व्यवसाय भातशेती व त्यानंतर यंत्रमाग, सध्या निवृत्त, पुढील मजकूर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. श्रीमती शैलजाबाई टिपणीस यांना साठ वर्षे पूर्ण होत असल्यामुळे त्यांच्या गौरवग्रंथासाठी मी लेख द्यावा, असे समितीने कळविले. समितीत पदवीधर मंडळी पुष्कळ आहेत. तरीही लेख माझ्याकडे मागितला गेला, कारण बाईंचा वर्ग ज्या शेडमध्ये भरतो ती शेड माझ्या मालकीची आहे. त्या शेडचे पुढे काय होणार, याविषयी गावात गेले काही महिने बोलले जात आहे. ती गोष्ट वगळून बाईंविषयी लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. म्हणून तीही यथाक्रम येईल.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी प्रथम सांगतो. बाई टाकून दिलेल्या संगणकांमधून आणि मोडक्या खेळण्यांमधून संगीत तयार करतात आणि तेच शिकवितात. त्या एका विद्यालयात संगणकाच्या शिक्षिका होत्या. विद्यालयाने जुने संगणक भंगारात काढले, तेव्हा बाईंनी ते मागून घेतले आणि ठेवायला जागा शोधीत आमच्या गावात आल्या. हा आमचा पहिला परिचय.

त्या वेळी माझी शेड बंद होती. माग वजनावर विकले गेले होते आणि त्यांना जमिनीशी जखडणारे बोल्ट तेवढे फरशीतून वर डोकावत राहिले होते. बाई रिक्षातून उतरल्या, आत आल्या आणि बोल्ट चुकवीत शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आल्या.

मी विचारले, "आपण या जागेत काय करणार?"

"गाणं," बाई म्हणाल्या.

"मग पेटी, तबला कुठे आहे?"

त्यांनी रिक्षाकडे बोट दाखविले. रिक्षात संगणकाचे डबे एकावर एक रचलेले होते आणि सर्वांत वर एक केस गेलेली बाहुली बसविलेली होती. माझी पत्नी येसूबाई तोवर बाहेर आली होती. ती म्हणाली, "अगो बाय, यो तं भंगारवाल्याचा माल हाय. गानं कराचं तं टाल तरी आनाचे व्हते."

"टाळ तुमच्याकडून घेईन, काकू," बाई म्हणाल्या. "बाकी माझ्याकडे आहे."

मी बोल्ट कापून देण्याची तयारी दाखविली, कारण कोणी ठेचकाळेल अशी मला भीती होती. बाईंनी नकार दिला. प्रत्येक चार बोल्टांच्या मधली जागा एकेका विद्यार्थ्याची, असे त्यांनी ठरवून टाकले. आजही वर्ग तसाच बसतो. जिथे माग उभा होता, तिथे एक माणूस बसतो. शेडची ती मांडणी बदलू नये असे त्यांना का वाटले, हे मी कधी विचारले नाही. मला ते आवडले, एवढे नमूद करतो.

वर्गात येणारी माणसे गोडाऊनमध्ये पॅकिंग करणारी, माल चढविणारी, शिफ्ट संपवून येणारी असतात. खेळणीही तिथूनच येतात. लोक घरबसल्या मागवितात, नापसंत पडले की परत पाठवितात, आणि तो परतीचा माल शेजारच्या वळ गावातील गोडाऊनांमधून पोत्याने बाहेर पडतो. बोलणाऱ्या बाहुल्या, प्लास्टिकचे फोन, भुंकणारी कुत्री, लहान पियानो. बाई जमिनीवर बसून एकेक खेळणे उघडतात. पहिला नियम असा की आधी सेल काढावेत, मग स्क्रू. दुसरा नियम असा की घरच्या विजेला हात लावावयाचा नाही, जे करायचे ते सेलवर. तारांना डाग देताना, म्हणजे सोल्डर करताना, धूर नाकात जाऊ नये म्हणून सर्व खिडक्या उघड्या पाहिजेत, मग डास चावोत. एकदा एका विद्यार्थ्याच्या हातातील कुत्रा भुंकायचा थांबून घरघरू लागला. तो घाबरून म्हणाला, "बाई, बिघडला." बाई म्हणाल्या, "इतके दिवस तो कारखान्याचं ऐकत होता. आता तुझं ऐकायला लागलाय. घाबरतोस काय?"

आता पहिल्या जाहीर कार्यक्रमाविषयी. बाईंच्या कार्याला जे वळण लागले ते त्या दिवशी लागले.

रविवारी दुपारी शेडमध्येच कार्यक्रम ठेवला होता. बाईंनी आग्रहाने माझ्याकडे पूर्वी काम केलेले कारागीर बोलाविले होते. त्यांत इद्रीसभाई होते. त्यांनी माझ्या शेडमध्ये जन्म काढला. मी मालक असलो तरी दोन माग स्वतः चालवीत असे, आणि माझा माग त्यांच्या शेजारी होता. आम्ही मागे जाजमावर बसलो. सुरुवात ठीक झाली. नंतर अरुणा नावाच्या विद्यार्थिनीने एक खेळण्यातील चिमणी पुढे ठेवली आणि संगणकाच्या कळा दाबू लागली. चिमणीची चोच हलत होती.

इद्रीसभाई माझ्याकडे वाकून म्हणाले, "सेठ, चिडिया बोल रही है क्या? चोंच तो हिल रही है."

मागवाले हळू बोलू शकत नाहीत. ते सर्व शेडने ऐकले. मी म्हणालो, "बोलत असेल. पुढची मंडळी ऐकताहेत." तेवढ्यात कोणाला तरी वाटले की कार्यक्रम संपला. त्याने टाळी वाजविली. मग आम्ही सर्वांनीच जोरात टाळ्या वाजविल्या. पुढे बसलेले विद्यार्थी चमकून मागे वळले. अरुणाचे बोट कळीवर तसेच राहिले होते. गाण्याचा सर्वांत नाजूक भाग चालू होता आणि आम्ही त्यावर टाळ्या पिटल्या होत्या.

काही जण हसले. बाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, संगणकापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी हात वर करा. मी एक आवाज लावते. तो हळूहळू बारीक होत वरच्या पट्टीत चढत जाईल. ऐकू येईनासा झाला की हात खाली."

सर्व हात वर गेले. दिवसाउजेडी, सर्वांदेखत हे घडले. आवाज चढू लागला आणि मागच्या रांगांमधील हात उतरू लागले. इद्रीसभाईंचा हात खाली आला. माझाही आला. इतर बाबतींत आमच्यात मालक-कामगार असे अंतर होते, कानांच्या बाबतीत मागांच्या खडखडाटाने ते ठेवले नव्हते. मागची सर्व माणसे हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि पुढे विद्यार्थ्यांचे हात अजून वरच होते. ज्यांचे वडील मागे बसले होते, ते वळून वळून पाहत होते. आम्ही तोवर समजत होतो की जग थोडे शांत झाले आहे, वय झाले की होते तसे.

बाईंनी आवाज बंद केला. इद्रीसभाईंनी मोठ्याने विचारले, "खतम हुआ?"

मागून एक जण म्हणाला, "अपना तो कब का खतम हुआ, भाई."

बाई विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "आज आपण निम्म्या माणसांसमोर नुसती चोच हलवली. पुन्हा असं होणार नाही."

हा शब्द त्यांनी पाळला. खेळण्यांचे आवाज स्वभावतः बारीक असतात. बाईंनी सर्व खेळणी पुन्हा उघडली. आत आवाजाचा वेग ठरविणारा एक लहान भाग असतो. तो बदलून तिथे फिरविता येणारे बटण बसविले की आवाज संथ आणि जाड होतो. बाहुली म्हाताऱ्यासारखी बोलू लागते. येसूबाई ती ऐकून मला म्हणाली, "या बया, यी तं तुमच्यावानी बोलते. खोकलापन तसाच हाय." जुन्या संगणकांतील फ्लॉपीचे डबे बाईंनी वेगळे काढले. त्यांची मोटर मागेपुढे सरकताना घरघर करते, आणि सरकविण्याचा वेग बांधून दिला की त्या घरघरीतून सूर निघतो. मग त्यांनी माझ्याकडून मागाच्या जुन्या फळ्या मागून घेतल्या, बाक तयार केले आणि स्पीकर बाकांच्या पोटाशी ठोकले. त्या बाकावर बसले की कानाने पोचले नाही तेही हाडांतून पोचते.

इद्रीसभाई प्रथम त्या बाकावर बसले तेव्हा फ्लॉपीच्या डब्यांचा ठेका चालू होता. त्यांनी तळहात फळीवर टेकवला. मग म्हणाले, "ये तो अपना वो कोनेवाला लूम है. पट्टा ढीला था उसका." आणि उठून बाहेर गेले. ते बाहेर जाऊन रडले असे काही जण सांगतात. मी पाहिलेले नाही, म्हणून तसे लिहीत नाही.

बाईंच्या वैयक्तिक चांगुलपणाचे एक उदाहरण माझ्याच बाबतीतील आहे. त्या मला कानांच्या तपासणीस घेऊन गेल्या. डॉक्टर वयाने लहान होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता बाईंना विचारले, "यांना कधीपासून ऐकू येत नाही?" बाई म्हणाल्या, "मला काय माहीत? ते समोर बसलेत, त्यांना विचारा. ओरडू नका. खालच्या पट्टीत, सावकाश बोला, त्यांना सगळं समजतं." त्या दिवशी प्रथमच माझ्याशी कोणी खालच्या पट्टीत बोलले. घरी सर्व जण ओरडूनच बोलत. कानाचे यंत्र मला सोसले नाही आणि मी ते लावीत नाही. बाईंनी त्यावरून मला एकदाही टोकले नाही.

अरुणाविषयी लिहिणे कठीण आहे, परंतु लिहिले पाहिजे. ती गणेशपुरीकडची, भातशेती करणाऱ्या घरातील. वळच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या कामाला होती. टाळ्यांच्या त्या प्रसंगानंतर तिने चिमणी बाजूला ठेवली आणि भात झोडण्याच्या ठेक्यावर एक नवीन रचना बांधावयास घेतली. आई झोडते तसा एक दमदार आवाज, मग दम घेण्याची जागा, मग पुन्हा. आई, पार्वतीबाई, हिलाही कमी ऐकू येत असे, म्हणून अरुणाने सर्व सूर खाली ठेवले होते. रचना अर्ध्यावर असताना गोडाऊनला आग लागली. अरुणा आत होती.

ओळख पटविण्यासाठी पार्वतीबाईंबरोबर बाई गेल्या. आत काय पाहिले हे बाईंनी कोणाला सांगितले नाही आणि कोणी विचारू नये. मी बाहेर उभा होतो. दोघी बाहेर आल्या तेव्हा पार्वतीबाईंचा हात बाईंच्या हातात होता आणि गावाला पोचेपर्यंत तो तसाच होता.

पुढे काही विद्यार्थ्यांनी अरुणाची रचना पूर्ण करण्याची परवानगी मागितली. त्यांची भावना चांगली होती. बाई म्हणाल्या, "तिनं जिथं सोडलं तिथं ते संपलं. पुढचं आपण लावलं तर ते आपलं होईल. तिचं काढून घेतल्यासारखं होईल." पुढच्या कार्यक्रमात ती रचना होती तेवढीच वाजविली गेली. ठेका ऐन मध्यावर तुटला. बाकावर बसलेल्या पार्वतीबाईंनी विचारले, "मोडला का वं?"

"मोडलं नाही, पार्वतीबाई. तिनं इथपर्यंतच केलं होतं."

पार्वतीबाई म्हणाल्या, "मंग इथवरच वाजवा." त्यानंतर दर कार्यक्रमाला ती रचना तिथवरच वाजते. पार्वतीबाई प्रत्येक वेळी एसटीने येतात आणि त्याच बाकावर बसतात.

आता शेडविषयी.

राहनाळमध्ये शेत कोठे होते हे सांगावयास आता माणूस लागतो. चारी बाजूंनी गोडाऊन उभे राहिले आहेत. माझे थोरले चिरंजीव प्रकाश यांच्या गाड्या त्या गोडाऊनांवरच चालतात. शेडच्या दोन्ही बाजूंची जमीन मी दोन्ही मुलांना पूर्वीच वाटून दिली आहे. ती घेण्यास एक कंपनी तयार आहे, परंतु मधली शेड मिळाली तरच. प्रकाश मला म्हणाले, "बाबा, सगळे दात पडल्यावर एकच उरतो ना, तशी दिसते आपली शेड. खाता येत नाही त्यानं, नुसता दुखतो." ते चुकीचे बोलले नव्हते. त्यांना दोन मुली आहेत आणि गाड्या जुन्या झाल्या आहेत. ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो, कारण गावात त्यांच्याविषयी जे बोलले जाते ते न्यायाचे नाही.

याच सुमारास बाईंचा आजार समजला. मुंबईस उपचार सुरू झाले. उपचारांच्या मधल्या दिवसांत बाई डोक्याला रुमाल बांधून येत आणि शिकवीत. उभे राहवत नसे तेव्हा बाकावर आडव्या होऊन, खेळणे छातीवर ठेवून, बोटाने दाखवीत. शेडविषयी त्यांच्या कानावर गेले तेव्हा त्या आमच्या ओटीवर आल्या आणि चावी माझ्यासमोर ठेवली. "काका, तुमच्या घरात भांडण नको. आम्ही दुसरीकडे बघू." दुसरीकडे त्यांनी आधीच पाहिले होते, हे मला माहीत होते. इमारतीत हा आवाज कोणी चालवून घेत नव्हते.

ओटीवर त्या वेळी प्रकाश होते, धाकटे चिरंजीव सुधीर होते, येसूबाई होती, आणि इद्रीसभाई मला भेटावयास आलेले होते. प्रकाश यांनी चावी उचलून परत बाईंच्या हाती दिली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आहात तोवर शेडला कोणी हात लावणार नाही. शब्द देतो."

आम्हा सर्वांना सुटल्यासारखे झाले. मीही म्हणालो, "झाले. प्रश्न मिटला."

बाई हसल्या. "प्रकाश, मग तुला फार वाट बघावी लागेल हो." प्रकाश यांनी खाली पाहिले. मग बाई गंभीर झाल्या. "नको रे. हा शब्द परत घे. माझ्या जिवावर वर्ग टांगू नकोस. मी दवाखान्यात गेले की पोरी आधी माझ्याकडे बघतील, मग वरच्या पत्र्याकडे. बरी हो म्हणणारा माझ्यासाठी म्हणतोय की पत्र्यासाठी, ते मला कळणार नाही. आणि तू? तू रोज मला विचारशील, बाई कशा आहात? तुझं तुलाच विचारवेनासं होईल. ठेवायची तर शेड वर्गाला ठेव. नाहीतर आज पाड. मी समोर उभी राहून बघेन, रडणार नाही."

"वर्गाला म्हणजे कायमचंच झालं ना, बाई," प्रकाश म्हणाले.

"हो."

येसूबाई कोपऱ्यातून म्हणाली, "कायमचा कोन हाय रं? लूमपन कायमचे व्हते."

इद्रीसभाईंना शब्द पोचले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "क्या तय हुआ, सेठ?" मी म्हणालो, सांगतो. आणि जे त्यांना सांगितले तेच येथे लिहितो.

राहनाळ येथील शेड माझ्या कष्टाची आहे. तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ज्या जागेने माझ्या माणसांचे आणि माझे कान घेतले, त्या जागेत कोणी आमच्यासाठी खालच्या सुरात वाजवावयास बसत असेल, तर ती जागा त्याची. सदर शेडमध्ये जोवर एक माणूस शिकवीत आहे आणि एक माणूस शिकत आहे, तोवर ती विकली जाणार नाही, भाड्याने दिली जाणार नाही, पाडली जाणार नाही. शिकविणारे माणूस शैलजाबाई असोत वा त्यांच्या हाताखाली शिकलेले कोणी असो. माझ्या पश्चातही हेच राहील. वकिलांकडून रीतसर व्यवस्था होईलच. परंतु कायद्याचा कागद कपाटात राहतो आणि हा ग्रंथ घरोघरी जाईल, म्हणून येथे लिहिले.

प्रकाश म्हणाले, "म्हणजे वाईट मीच ठरलो."

मी म्हणालो, "नाही. तू बरोबर आहेस. तरीही मी असे करीत आहे."

शेवटी शुभेच्छा देण्याची रीत आहे. तुम्ही आहात तोवर शेड आहे, असे ठरले असते, तर बाईंना दीर्घायुष्य चिंतिताना माझ्या मनात शेडही आली असती. वर्गाच्याही मनात आली असती. आता तसे राहिले नाही. बाईंच्या आयुष्यावर आमच्यापैकी कोणाचे काही अवलंबून नाही. आजार मोठा आहे, डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, आणि मी खोटा धीर देणारा माणूस नाही. तरीही या वयात देवाजवळ जे मागण्याचा मला हक्क असेल, ते सर्व मी बाईंसाठी मागतो. बाईंना वेदना कमी होवोत. त्यांना अन्न गोड लागो. त्यांचे केस पुन्हा येवोत. पंच्याहत्तरीचा ग्रंथ निघो, आणि त्यात लेख लिहावयास मी नसलो तरी बाई असोत. हे मागणे फक्त त्यांच्यासाठी आहे, इतर कशासाठीही नाही.

हा मजकूर मी रविवारी दुपारी सदर शेडमध्ये, शैलजाबाई टिपणीस यांच्या समक्ष, मोठ्याने वाचून दाखविला. त्या वेळी साक्षीदार म्हणून उपस्थित होते ते येणेप्रमाणे:

सौ. येसूबाई नामदेव म्हात्रे, राहनाळ. अंगठा दिला.

श्री. इद्रीसभाई, माग कारागीर. बाकावर बसून ऐकले, दोन ठिकाणी पुन्हा वाचावयास लावले, उर्दूत सही केली.

श्रीमती पार्वतीबाई, कै. अरुणा हिच्या मातोश्री, गणेशपुरी. अंगठा दिला.

श्री. सुधीर नामदेव म्हात्रे, धाकटे चिरंजीव. सही केली.

श्री. प्रकाश नामदेव म्हात्रे, थोरले चिरंजीव. संपूर्ण मजकूर ऐकला. सही केली नाही. वर्ग सुरू झाल्यावरही उठून गेले नाहीत.